भिंतीतली ओल: डाग कुठे आहे ते नंतर, कधी वाढतो ते आधी

भिंतीवरचा रंग फुगला, पोपडा सुटला की आपण आधी बोलावतो ते रंगाऱ्याला. तो खरवडतो, वॉटरप्रूफ पुट्टी भरतो, रंगाचे दोन हात मारतो आणि भिंत काही महिने छान दिसते. मग पोपडा पुन्हा येतो, बहुतेक वेळा पुट्टीच्या कडेला, जरासा सरकून. यात रंगाऱ्याचा दोष नाही. त्याला डाग दाखवला, त्याने डाग झाकला. पाणी कुठल्या पाइपातून, कुठल्या वाटेने आणि दिवसाच्या कुठल्या वेळी येतंय, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

आजच्या फ्लॅटमध्ये जवळपास सगळे पाइप भिंतीच्या किंवा लादीच्या आत गाडलेले असतात. पूर्वी न्हाणी घराच्या मागच्या अंगाला असायची, पाणी मोरीतून थेट बाहेर परसात जायचं, त्यामुळे ओल आली तरी ती न्हाणीपुरती राहायची. आता बेडरूमच्या कपाटामागे बाथरूम असतं आणि त्या दोघांमध्ये फक्त चार इंचांची वीट. त्या विटेतून गरम पाण्याची लाइन, गार पाण्याची लाइन आणि कमोडच्या टाकीचा पाइप गेलेला असतो. एखादा सांधा सुटला तर पाणी कुठे कुठे जाईल याला धरबंध राहत नाही.

पाणी नेहमी खालीच जातं, हा समज इथे फसवतो. वीट, प्लास्टर, लादीखालचा मसाला हे सगळं सच्छिद्र असतं आणि टीपकागदासारखं पाणी वर आणि आडवं ओढून घेतं. म्हणून बाथरूमच्या लादीखाली गळती असली तरी पलीकडच्या खोलीत स्कर्टिंगच्या वर दीड-दोन फुटांपर्यंत ओलीचा पट्टा चढतो. लादी आणि स्लॅब यांच्यामधल्या वाळू-सिमेंटच्या थरात तर पाण्याचं तळंच साठतं. ते स्लॅबवरून पसरत जातं आणि भोक मिळेल तिथून खाली उतरतं. हे भोक म्हणजे पंख्याच्या हुकाची जागा असते, विजेच्या वायरीची नळी असते, स्लॅब ओततानाची सांध्याची फट असते. वरच्या मजल्यावरचं बाथरूम गळतंय आणि खालच्यांच्या हॉलमधल्या दिव्यातून पाणी ठिबकतंय, असं होतं ते यामुळे. दिव्याच्या बरोबर वर वरच्यांचा सोफा असतो आणि ते शपथेवर सांगतात, "आमच्याकडे तिथे पाइपच नाही." खरं बोलत असतात ते.

भिंतीवर येणारी पांढरी बुरशीसारखी भुकटी बहुतेक वेळा बुरशी नसतेच. तो लोणा. पाणी विटेतून आणि सिमेंटमधून येताना क्षार विरघळवून आणतं. भिंतीच्या पृष्ठभागाशी पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक रंगाच्या आत वाढतात आणि रंगाला आतून ढकलून काढतात. लोणा सांगतो की पाणी इथपर्यंत येऊन वाळलं. म्हणजे तो ओलीची हद्द दाखवतो, उगम नाही. उगम बऱ्याचदा त्या पट्ट्याच्या आत असतो, नाहीतर तिथून बऱ्याच अंतरावर. आणि पोपडा आलाय तिथेच छिन्नी घालणारा प्लंबर तुमची धडधाकट भिंत फोडतो.

म्हणून आधी वेळ बघायची. घरातलं प्रत्येक पाणी आपापल्या वेळेला वाहतं, त्यामुळे ओल कधी वाढते हे कळलं की अर्धा शोध संपतो.

दिवसरात्र, बारा महिने एकसारखी राहणारी ओल असेल तर संशय पुरवठ्याच्या लाइनवर घ्यावा, कारण ती कायम दाबाखाली असते. गच्चीवरच्या टाकीपासून दर १० मीटर खाली उतरलं की साधारण १ बार दाब वाढतो. दहा मजली इमारतीत खालच्या मजल्यांवर ३ बारच्या आसपास दाब असतो. एवढ्या दाबाला पाइपाला १ मिलिमीटरचं भोक पडलं आणि पाणी मोकळ्यावर उडत असेल, तर हिशेबाने दिवसाला हजार लिटरच्या घरात जातं. भिंतीत गाडलेल्या पाइपाला मसाल्याचा अडसर असतो म्हणून कमी जातं, पण थांबत नाही. नुसता सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाला ४ लिटरच्या वर होतात.

ओल सकाळी आंघोळी आटपल्यावर किंवा कपडे धुतल्यावर वाढत असेल आणि दुपारनंतर कमी होत असेल, तर पुरवठा ठीक आहे. गळतंय ते सांडपाणी. नहाणी ट्रॅप (लादीतल्या जाळीखालचं, सांडपाणी पाइपात सोडणारं भांडं; पुढे नुसतं नहाणी), कमोडचा सांधा, बेसिनचा आउटलेट, नाहीतर लादीच्या सांध्यांतून झिरपणारं पाणी. घरातले सगळे चार दिवस गावाला गेले आणि खालच्यांचं छत कोरडं पडायला लागलं, तर मग शंकाच नको.

फक्त पावसाळ्यात येणाऱ्या ओलीचा घरातल्या पाइपांशी बहुधा संबंध नसतो. ती बाहेरची भिंत, खिडकीची चौकट किंवा डक्टमधला, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेतला, पावसाच्या पाण्याचा पाइप. मुंबई-ठाण्याच्या जुन्या इमारतींत डक्टमधल्या पाइपाच्या सांध्यात पिंपळ उगवलेला हमखास दिसतो. मुळं सांध्यात शिरतात, सांधा उकलतात आणि पाणी थेट भिंतीवर सोडतात. वरून छाटून काही होत नाही, मुळासकट काढून सांधा बदलावा लागतो. त्यात भर म्हणजे अनेकांनी स्वयंपाकघर वाढवताना डक्टच्या खिडक्या बंद केलेल्या असतात, मग तिथे माणूस पोचणारच कुठून?

तळमजल्याची किंवा बैठ्या घराची आणखी एक गंमत आहे. नगरपालिकेचं पाणी ठरावीक वेळी येत असेल आणि भिंतीचा पायथा नेमका त्याच वेळी गडद होत असेल, तर मीटरपासून टाकीपर्यंतची लाइन गळते आहे. हे फक्त भिंतीपुरतं नाही. पाणी गेल्यावर लाइनमधला दाब उतरतो आणि ज्या भोकातून पाणी बाहेर येत होतं त्याच भोकातून आजूबाजूचं घाण पाणी आत ओढलं जाऊ शकतं. अशी ओल दिसली की रंगाचा विचार बाजूला ठेवून लाइनच बघा, आणि तोवर पिण्याचं पाणी उकळून घ्या.

आणि एसीची ओल. ही अलीकडची, आणि ओळखायला सगळ्यात चुकणारी. इंटिरियर करताना एसीचे तांब्याचे पाइप भिंतीत गाडतात. त्यातला जाड पाइप चालू असताना खूप गार असतो. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात हवा ३० अंशांची आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर २६ अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर त्या हवेतलं पाणी जमतं. पाइपावरचं फोमचं वेष्टण भिंतीत सरकवताना फाटलं असेल किंवा दोन तुकड्यांमध्ये बोटभर जागा उघडी राहिली असेल, तर तो पाइप भिंतीच्या पोटात घाम गाळत बसतो. सोबतच्या ड्रेन पाइपाला उतार नसेल तर त्यातलंही पाणी मागे फिरतं. पाण्याची एकही लाइन नसलेल्या भिंतीला उन्हाळ्यात ओल येते आणि हिवाळ्यात जाते, तेव्हा प्लंबरला नाही, एसीवाल्याला बोलवा.

हवेतलं पाणी भिंतीवर जमतंय की भिंतीतून पाणी येतंय, ही शंका घरच्या घरी फेडता येते. डागावर हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि दोन दिवस ठेवायचा. दव खोलीकडच्या अंगाला आलं तर हवेतलं, भिंतीकडच्या अंगाला आलं तर भिंतीतलं. सुया टोचून ओल मोजणारं यंत्र घेऊन कुणी आलं तर त्याच्या आकड्यावर एकदम विसंबू नका. भिंतीत क्षार असले की ते यंत्र वाळलेली भिंतही ओली दाखवतं.

वेळेवरून संशयित ठरला की चाचणी. पुरवठ्यासाठी सगळ्यात साधी युक्ती म्हणजे फ्लॅटमध्ये येणारा व्हॉल्व्ह बंद करून बादल्यांवर दिवस काढायचा. मात्र लादीखालच्या थरात साठलेलं पाणी व्हॉल्व्ह बंद केल्यावरही कित्येक दिवस झिरपत राहतं, हे लक्षात ठेवायला हवं. "बंद करून बघितलं, काही फरक नाही" म्हणून लोक पुरवठ्याला दुसऱ्याच दिवशी निर्दोष ठरवतात. त्यापेक्षा प्लंबरकडून प्रेशर टेस्ट करून घ्यावी. सगळ्या नळांच्या जागी डमी प्लग लावतात, हातपंपाने लाइनमध्ये दाब भरतात आणि काटा बघतात. काटा खाली यायला लागला तर लाइन गळते, आणि गरम व गार लाइन वेगवेगळ्या तपासल्या तर कुठली तेही कळतं. ही टेस्ट न करता टाइल्स फोडायला निघालेल्या माणसाला मी तरी दारातूनच परत पाठवीन.

सांडपाण्यासाठी नहाणीचं तोंड फुगा किंवा बोळा घालून बंद करायचं आणि बाथरूममध्ये इंचभर पाणी २४ तास भरून ठेवायचं. पाण्यात थोडी कपड्यांची नीळ टाकली तर खाली आलेलं पाणी ह्याच बाथरूमचं की शेजारच्या, हा वाद उरत नाही. तळं भरलेलं असताना खाली पाणी वाढलं, तर लादी किंवा तिच्याखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय. तळं २४ तास जसंच्या तसं राहिलं आणि बोळा काढून पाणी सोडल्यावर मात्र खाली ठिबकायला लागलं, तर नहाणीच्या पुढचा पाइप किंवा त्याचा सांधा दोषी.

आता पाइप फुटतो कुठे ते. सरळ पाइप मधोमध क्वचित फुटतो, बहुतेक वेळा सांधा जातो. जुन्या इमारतींत जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आहेत. मुलामा संपला की लोखंड गंजतं, आतून पाइप चोंदतो आणि आट्यांपाशी, जिथे लोखंड आधीच कापून पातळ केलेलं असतं, तिथे भोक पडतं. त्यावर पितळी जोड थेट बसवला तर दोन धातूंच्या संगतीने लोखंड आणखी लवकर खातं. त्या काळी बाथरूमच्या खड्ड्यात भरायला कोळशाची राख वापरत, कारण ती हलकी. पण तिच्यात गंधक असतं आणि ओल लागली की ती जीआय पाइप बाहेरूनही खाते. अशा पाइपाला एका ठिकाणी ठिगळ लावण्यात अर्थ नाही. आज इथे जोडलात, उद्या दोन फुटांवर सुटेल.

सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणीही सोसणारा प्लास्टिकचा पाइप, गंजत नाही, म्हणून आता सगळीकडे तोच आहे. त्याचे दोष वेगळे. तो तापला की लांबतो. ३ मीटरचा तुकडा ४० अंशांनी तापला तर ७-८ मिलिमीटर वाढतो. गिझर चालू-बंद होताना भिंतीत घट्ट चिणलेला पाइप रोज हा ताण सांध्यांवर टाकतो. सोल्युशन लावून सांधा पुरता सुकण्याआधी पाणी सोडणं हा दुसरा घोळ. बिल्डरच्या घाईत हे सर्रास होतं. आणि तिसरा म्हणजे नळ बसतो ती जागा. तिथे पितळी आटे असलेली फिटिंग लागते. पैसे वाचवायला साध्या प्लास्टिकच्या आट्यांत नळ घट्ट पिळून बसवला की त्या फिटिंगला केसासारखी चीर जाते. ती लगेच गळत नाही. वर्ष-दोन वर्षांनी, टाइल्सच्या आत, सावकाश गळायला लागते.

पण सगळ्यात जास्त ओल ज्या जागेची असते ती म्हणजे पाइप स्लॅबमधून आरपार जातो ती जागा, आणि त्यातही नहाणी ट्रॅपचं बूड. बाथरूमचा स्लॅब साधारण फूटभर खाली घेतलेला असतो, त्या खड्ड्यात पाइप टाकतात, विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि वर लादी. नहाणी बसवण्यासाठी स्लॅबला भोक पाडतात आणि पाइप घातल्यावर भोवतीची फट उरल्यासुरल्या मसाल्याने लिंपून टाकतात. पीव्हीसी गुळगुळीत असतो, सिमेंट त्याला धरतच नाही. त्यातून मसाला सुकताना आकसतो. झालं, पाइपाभोवती केसाएवढी गोल फट तयार झाली. खड्ड्यातलं पाणी तिथूनच खाली उतरतं आणि नहाणी कितीही नवी असली तरी फरक पडत नाही.

हे नीट करायचं असेल तर गवंड्याला काय सांगायचं ते माहीत हवं. पाइपाचा बाहेरचा भाग पॉलिश पेपरने घासायचा, त्यावर पाइप जोडायचं सोल्युशन फासून लगेच जाड वाळू मारायची, म्हणजे पाइप खरखरीत होतो आणि सिमेंटला पकड मिळते. फट साध्या मसाल्याने न भरता न आकसणाऱ्या ग्राउटने भरायची. मग पाइपाभोवती आणि भिंतीच्या कोपऱ्यांत पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याचा गोलसर वाटा (कोन बुजवणारी उतरती कड) काढायचा, आणि त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात पाइपावर आणि भिंतीवर चढवून न्यायचे. खड्डा भरण्याआधी तळं करून बघायचं, भरल्यावर पुन्हा एकदा. गवंडी म्हणेल, "साहेब, एवढं कुणी करत नाही." बरोबर आहे, म्हणूनच सगळ्यांचं गळतं.

टाइल्सच्या सांध्यांत इपॉक्सी भरून गळती थांबवू असं सांगणारे बरेच भेटतात. गळती खरोखर सांध्यांतूनच असेल, तर त्याचा उपयोग होतो आणि फोडाफोड वाचते. पाइप फुटला असेल तर तोच इपॉक्सी पाणी आत कोंडून ठेवतो. खालच्या छतात भोकं पाडून केमिकल भरण्याचंही तेच. भेगांसाठी ठीक, चालू गळणाऱ्या पाइपासाठी नाही. पाणी दुसरीकडून वाट काढतं.

पुरवठ्याची लाइन जुनी असेल तर मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते म्हणजे आतली लाइन कायमची बंद करून नवी लाइन भिंतीच्या वरून, फॉल्स सीलिंगमधून किंवा डक्टमधून फिरवणं. इंटिरियरवाल्यांना ते आवडत नाही. पण दिसणारा पाइप गळला तर दहा मिनिटांत कळतं.

पाइप दुरुस्त झाला म्हणजे भिंत वाळली असं नाही. प्लास्टर आणि वीट वाळायला महिने लागतात, पावसाळ्यात तर वाळतच नाही. त्यामुळे जूनच्या तोंडावर दुरुस्ती झाली तर रंग दिवाळीला. फुगलेलं प्लास्टर विटेपर्यंत काढून टाकावं, लोणा कोरड्या ब्रशने झाडावा (पाण्याने धुतला तर क्षार परत आत जातात) आणि भिंत उघडी ठेवावी. कोकणातल्या चिऱ्याच्या जुन्या भिंतींना हे विशेष लागू. चिरा भरपूर पाणी पितो, आणि वर घट्ट सिमेंट आणि तेलकट रंग चढवला की त्याला ते सोडायला जागाच उरत नाही.

दोन गोष्टींना मात्र वाट बघून चालत नाही. एक, स्विचबोर्डापर्यंत पोचलेली ओल. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) वारंवार पडत असेल तर तो बिघडलेला नाही, वायरीच्या नळीत पाणी आहे असं धरून त्या सर्किटचा पुरवठा बंद करा. दुसरी, छतातून डोकावणारी गंजकी सळई. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो, त्यामुळे काँक्रीटचे ढलपे सुटून पडतात. तिथे प्लंबरच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो.

राहिला पैशांचा प्रश्न, ज्यावरून सोसायट्यांमध्ये वर्षानुवर्षं अबोले चालतात. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींची विभागणी ढोबळमानाने अशी आहे: बाहेरच्या सामाईक पाइपांमुळे, ड्रेनेज लाइनमुळे किंवा पावसामुळे होणारी गळती संस्थेने दुरुस्त करायची, सदनिकेच्या आतल्या संडास, सिंक वगैरेंमुळे होणारी सदस्याने स्वखर्चाने. म्हणजे वरच्यांच्या नहाणीचा खर्च वरच्यांचा, डक्टमधल्या पाइपाचा संस्थेचा. नीळ घालून केलेली चाचणी दोन्ही घरांच्या आणि कमिटीच्या एखाद्या माणसाच्या समोर केली आणि फोटो काढून ठेवले, तर पत्रव्यवहार बराच आटोपतो. इमारत नवी असेल तर आधी बिल्डर. २०१६च्या रेरा कायद्याच्या (स्थावर संपदा नियमन कायदा) कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष कळवला, तर त्याने ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करून द्यायचा असतो. कळवायचं ते लेखी, फोनवर नाही.

आणि बाथरूम फोडून नवं करत असाल, तर टाइल्स चिकटवण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा. मेजरिंग टेप भिंतीला लावून, पाइप लादीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे ते दिसेल असे. फोटोंची एक प्रत घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. पुढे गिझरचा खिळा ठोकायला येणाऱ्या माणसाला आधी ती दाखवता येईल.